विश्लेषण : एका सहीने परतीचा रस्ता बंद… रग्बीतील जिम सलिव्हन विक्रमवीर आणि यशस्वी प्रशिक्षक कसे बनले?

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. लिलावात खेळाडूंवर बोली लागली, त्यांना पैसे मिळाले आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये मात्र रग्बी खेळण्याचे पैसे घेणे हा असा ‘गुन्हा’ होता, की त्याची शिक्षा आयुष्यभर भोगावी लागे. वेल्समधील कार्डिफ शहरातल्या १७ वर्षांच्या एका मुलाने १९२१ मध्ये ती शिक्षा पत्करून करारावर सही केली. त्याचे नाव जिम सलिव्हन. पुढे २५ वर्षे खेळाडू आणि त्याच्या जोडीने, नंतरही, प्रशिक्षक म्हणून त्यांनी जे केले, त्यातले काही विक्रम आजही कोणाला मोडता आलेले नाहीत. त्यांच्या कारकीर्दीविषयी…

रग्बीचे दोन वेगळे खेळ कसे झाले?

आपल्याकडे रग्बी म्हटले की बॉम्बे जिमखान्याचे मैदान किंवा कलकत्ता चषक आठवतो. ही सारी ‘रग्बी युनियन’ची परंपरा. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खेळात वर्गाच्या मुद्द्यावर फूट पडली. दक्षिणेकडचे बरेचसे खेळाडू खासगी शाळांतून आलेले, खाऊन-पिऊन सुखी घरांतले. उत्तरेकडच्या लँकेशायर आणि यॉर्कशायर परगण्यांत मात्र खाणकामगार, गिरणी कामगार, गोदी कामगार रग्बी खेळत. शनिवारी अर्धा दिवस काम असे. सामन्यासाठी रजा घेतली की रोज बुडे. बुडालेल्या रोजाची भरपाई द्या, एवढीच उत्तरेच्या क्लबांची मागणी होती. खेळाची शुद्धता पैशाने बाटते, असे म्हणत युनियनच्या धुरीणांनी ती फेटाळली.

अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेच्या क्लबांची बैठक झाली आणि ‘नॉर्दर्न युनियन’ ही स्वतंत्र संघटना जन्माला आली. सुरुवातीला फक्त बुडालेला रोज, म्हणजे दिवसाला सहा शिलिंग, देण्याची मुभा होती. १८९८ मध्ये व्यावसायिक खेळाला उघड मान्यता मिळाली. हीच संघटना १९२२ पासून ‘रग्बी फुटबॉल लीग’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि खेळाला ‘रग्बी लीग’ हे नाव पडले.

युनियन आणि लीगमध्ये फरक काय?

चेंडू तोच, लांबट. पण युनियनमध्ये एका संघात १५ खेळाडू, तर लीगमध्ये १९०६ पासून १३. तिकीट काढून येणाऱ्या कामगार प्रेक्षकाला वेगवान आणि मोकळा खेळ हवा होता. म्हणून लीगने दोन खेळाडू कमी केले आणि बाजूरेषेवरून चेंडू रांगेत फेकण्याची पद्धतही रद्द केली. सलिव्हन यांच्या काळात लीगमध्ये चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की, म्हणजे ‘ट्राय’ केला की, तीन गुण मिळत. लाथेने चेंडू आडव्या दांडीवरून आणि दोन खांबांमधून पाठवला की, म्हणजे ‘गोल’ केला की, दोन गुण. पुढचे आकडे समजून घेण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

कार्डिफचा मुलगा विगनला का गेला?

जिम सलिव्हन यांचा जन्म २ डिसेंबर १९०३ रोजी कार्डिफच्या स्प्लॉट या कामगार वस्तीतला. खेळाचे अंग उपजतच. वेल्समध्ये लोकप्रिय असलेल्या बेसबॉलमध्येही त्यांनी पुढे देशाचे प्रतिनिधित्व केले. रग्बीत ते ‘फुल-बॅक’, म्हणजे बचावातील सर्वात मागचा खेळाडू. सोळाव्या वर्षी ते कार्डिफच्या मुख्य संघात आले आणि सतराव्या वर्षी बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या नामांकित संघाकडूनही खेळले. वेल्सच्या राष्ट्रीय संघाची लाल जर्सी आता फार दूर नाही, असे सर्वांनाच वाटत होते.

पण जर्सीने पोट भरत नव्हते. सलिव्हन बॉयलर बनवण्याच्या कारखान्यात उमेदवारी करत होते. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली होती. दक्षिण वेल्सचा सारा संसार कोळसा आणि गोदी यांवर चाले आणि १९२१ मध्ये कोळशाचा धंदाच बसला. अशा वेळी उत्तर इंग्लंडच्या क्लबांचे हेर वेल्सच्या मैदानांवर चांगले खेळाडू शोधत फिरत. लँकेशायरमधील विगन क्लबने सलिव्हन यांना सहीसाठी ७५० पौंड देऊ केले. सामान्य कामगाराची ती काही वर्षांची कमाई होती. सलिव्हन यांनी होकार दिला.

त्या सहीची किंमत काय होती?

लीगच्या क्लबकडून पैसे घेतलेल्या खेळाडूला युनियनचे दरवाजे कायमचे बंद होत. पुन्हा युनियनचा सामना खेळता येत नसे, युनियनच्या क्लबमध्ये प्रशिक्षक म्हणून काम करता येत नसे. पश्चात्ताप झाला तरी परतीची सोय नव्हती. वेल्ससारख्या, रग्बी युनियनला जवळजवळ धर्म मानणाऱ्या देशात गाव सोडून ‘उत्तरेला जाणे’ याचा अर्थ सर्वांना ठाऊक होता.

सलिव्हन यांनी अठरावे वर्ष पूर्ण होण्याआधीच हा निर्णय घेतला. त्यामुळे ते युनियनमध्ये वेल्सकडून एकही सामना खेळले नाहीत. लीगमध्ये मात्र वेल्सचा वेगळा संघ असे आणि त्याच्याकडून ते २६ सामने खेळले. देश तोच होता, पण खेळाची संहिता दुसरी असल्यामुळे कार्डिफच्या मान्यवर क्लबांच्या लेखी त्या सामन्यांना किंमत नव्हती.

विक्रम किती मोठे आहेत?

२७ ऑगस्ट १९२१ रोजी विडनेसविरुद्ध विगनकडून पदार्पण करताना सलिव्हन यांनी पाच गोल केले. सामना विगनने २१-० असा जिंकला. तेव्हापासून १९४६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते सर्व संघांकडून मिळून ९२८ सामने खेळले. त्यांत २,८६७ गोल, ९६ ट्राय आणि एकूण ६,०२२ गुण. यापैकी ७७४ सामने आणि ४,८८३ गुण एकट्या विगनसाठी. पुढे नील फॉक्स या खेळाडूने एकूण गुणांत त्यांना मागे टाकले, पण २,८६७ गोलांचा विक्रम अद्याप अबाधित आहे.

या बेरजेतला सर्वात बोलका आकडा आहे सातत्याचा. १९२१-२२ पासून १९३८-३९ पर्यंत सलग १८ हंगामांत त्यांनी प्रत्येक वेळी शंभराहून अधिक गोल केले. या मालिकेत खंड पडला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. आणखी एक विक्रम एका दिवसाचा. फेब्रुवारी १९२५ मध्ये चॅलेंज चषकाच्या सामन्यात फ्लिम्बी अँड फॉदरगिल या कंबरलंडच्या हौशी संघाविरुद्ध विगनने ११६-० असा विजय मिळवला. त्यात सलिव्हन यांचे २२ गोल होते.

आज गोल मारताना चेंडू प्लास्टिकच्या छोट्या बैठकीवर ठेवतात. त्या काळी बुटाच्या टाचेने माती उकरून चेंडू उभा करावा लागे. चेंडू कातड्याचा, पावसात भिजून जड होणारा. लँकेशायरच्या हिवाळ्यात मैदानाचा चिखल झालेला. अशा परिस्थितीत वर्षानुवर्षे अचूक लाथ बसायला नुसते अंगभूत कौशल्य पुरत नाही. त्यामागे तासन् तास केलेला सराव होता.

वेम्बलीच्या पहिल्या सामन्यात काय घडले?

लीगची ओळख उत्तरेपुरती मर्यादित राहू नये म्हणून १९२९ मध्ये चॅलेंज चषकाची अंतिम लढत प्रथमच लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर भरवण्यात आली. विगनचे कर्णधार होते सलिव्हन आणि समोर होता ड्यूसबरीचा संघ. लंडनकर हा ‘कामगारांचा खेळ’ पाहायला येतील का, अशी शंका होती. प्रत्यक्षात ४१ हजारांवर प्रेक्षक आले, त्यांत उत्तरेहून रेल्वेने आलेल्यांचा मोठा भरणा होता. वेम्बलीवर लीगचे पहिले गुण नोंदवले गेले ते सलिव्हन यांच्या गोलने. विगनने सामना १३-२ असा जिंकला. विगनसाठी ट्राय करणाऱ्यांपैकी रॉय किनिअर हेही स्कॉटलंडकडून युनियन खेळून मग लीगकडे वळलेले होते. परतीचा रस्ता बंद करून आलेले असे अनेक खेळाडू त्या संघात एकत्र आले होते.

ऑस्ट्रेलियाविरुद्धची कामगिरी कशी होती?

क्रिकेटप्रमाणे रग्बी लीगमध्येही ब्रिटन-ऑस्ट्रेलिया मालिकेला ‘ॲशेस’ म्हणतात. १९२४ ते १९३३ या काळात ब्रिटनने अशा पाच मालिका जिंकल्या आणि पाचही मालिकांत सलिव्हन होते. ब्रिटनसाठी ते एकूण २५ कसोटी सामने खेळले. १९३२ च्या दौऱ्यात ते कर्णधार होते. सिडनी क्रिकेट मैदानावरील पहिल्या कसोटीला ७० हजारांहून अधिक प्रेक्षकांनी गर्दी केली आणि ब्रिटनने ती ८-६ अशी जिंकली. याच मैदानावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्रिकेटमधील कुप्रसिद्ध ‘बॉडीलाइन’ मालिकेचा पहिला सामना झाला. ब्रिस्बेनची दुसरी कसोटी इतकी राडेबाज झाली, की ती ‘ब्रिस्बेनची लढाई’ म्हणूनच ओळखली जाते. ती ऑस्ट्रेलियाने जिंकली. तिसरी जिंकून ब्रिटनने मालिका राखली.

पुढच्या वर्षी मँचेस्टरमधील पहिल्या कसोटीत दोन्ही संघांना एकही ट्राय करता आला नाही. ब्रिटनने सामना ४-० असा जिंकला. ते चारही गुण सलिव्हन यांच्या दोन गोलांचे. १९३६ च्या दौऱ्यासाठी पुन्हा कर्णधारपद चालून आले. चार दौरे करणारा पहिला खेळाडू होण्याची ती संधी होती. पण पत्नी आजारी असल्याने सलिव्हन यांनी नकार दिला. त्या काळी ऑस्ट्रेलियाचा दौरा म्हणजे बोटीचा प्रवास धरून अनेक महिने घराबाहेर राहणे.

खेळता खेळता प्रशिक्षक कसे झाले?

१९३२ मध्येच विगनने त्यांच्याकडे प्रशिक्षकपद सोपवले, तेही खेळाडू म्हणून मैदानात असताना. आज प्रशिक्षक म्हटला की त्याच्या हाताखाली तज्ज्ञांची फौज, संगणक आणि चित्रफिती असतात. त्या काळी अनेक क्लबांत संघनिवडसुद्धा संचालक मंडळ करत असे. प्रशिक्षकाने खेळाडूंना तंदुरुस्त ठेवावे आणि डावपेच शिकवावेत, एवढीच अपेक्षा. सलिव्हन शिस्त आणि शारीरिक तयारी यांबाबत कडक होते आणि जे सांगत ते शनिवारी स्वतः करूनही दाखवत. १९३४ मध्ये विगनने अंतिम सामन्यात सॅलफर्डला हरवून विजेतेपद मिळवले. सॅलफर्डकडे तेव्हा गस रिस्मन होते, तेही कार्डिफचेच.

महायुद्धात अनेक क्लब बंद पडले, खेळाडू सैन्यात गेले. क्लबांना दुसऱ्या संघांचे खेळाडू पाहुणे म्हणून खेळवण्याची मुभा मिळाली. सलिव्हनही तसे खेळले. १९४६ च्या सुरुवातीला त्यांनी बूट खुंटीला टांगले, तेव्हा ते ४२ वर्षांचे होते.

निवृत्तीनंतर लगेच कोणता धडा मिळाला?

सलिव्हन थांबल्यानंतर काही आठवड्यांतच, ४ मे १९४६ रोजी, विगन चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात वेकफील्ड ट्रिनिटीविरुद्ध उतरला. विगनचे काही प्रमुख खेळाडू ब्रिटनच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियाकडे रवाना झाले होते. तरीही विगनने चार ट्राय केले, वेकफील्डने तीन. मात्र विगनला एकही गोल मारता आला नाही. शेवटच्या क्षणी वेकफील्डने पेनल्टीवर गोल केला आणि सामना १३-१२ असा जिंकला. ज्यांनी आयुष्यात २,८६७ गोल मारले, ते प्रशिक्षक म्हणून मैदानाबाहेर बसून आपल्या संघाचा प्रत्येक नेम चुकताना पाहत होते. एक गोल बसला असता तरी चषक विगनचा होता.

खेळाडूला स्वतःच्या पायावर विसंबता येते, प्रशिक्षकाला दुसऱ्याच्या पायावर. चांगल्या खेळाडूंपैकी बरेच जण प्रशिक्षक म्हणून फसतात ते इथेच. सलिव्हन फसले नाहीत. त्या पराभवानंतर दोनच आठवड्यांनी विगनने हडर्सफील्डला १३-४ असे हरवून लीगचे विजेतेपद जिंकले. पुढे १९४७, १९५० आणि १९५२ मध्येही ते मिळवले. १९४८ मध्ये वेम्बलीवर ब्रॅडफर्ड नॉर्दर्नचा ८-३ असा पराभव करून विगनने चषक जिंकला. या सामन्याला राजे सहावे जॉर्ज उपस्थित होते. विद्यमान राजाने लीगचा सामना पाहण्याची ती पहिलीच वेळ. १९५१ मध्ये बॅरोला हरवून विगनने पुन्हा चषक नेला.

प्रशिक्षक म्हणून सलिव्हन यांचा कस लागला तो १९५० मध्ये. विगनचे आठ खेळाडू एकाच वेळी ब्रिटनच्या संघातून दौऱ्यावर गेले होते. उरलेल्यांना घेऊन सलिव्हन यांनी अंतिम सामना खेळला आणि हडर्सफील्डला २०-२ असे नमवले. अर्ध्याहून अधिक संघ नसताना मिळवलेला हा विजय म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या वेम्बलीवरील पराभवाला दिलेले उत्तर होते.

कट्टर प्रतिस्पर्धी क्लबकडे का गेले?

१९५२ मध्ये विगनला विजेतेपद मिळवून दिल्यावर सलिव्हन यांनी क्लब सोडला आणि सेंट हेलेन्सचे प्रशिक्षकपद स्वीकारले. ही दोन शहरे एकमेकांपासून जेमतेम १२-१३ किलोमीटरवर, आणि त्यांच्यातले वैर लीगमध्ये सर्वात जुने व सर्वात कडवे. ३१ वर्षे विगनसाठी घालवलेल्या माणसाने तिकडे जाणे हे विगनकरांच्या जिव्हारी लागणारे होते. सलिव्हन यांच्यासाठी मात्र सीमा ओलांडण्याची ही दुसरी वेळ होती, आणि पहिलीपुढे ती लहानच होती.

सेंट हेलेन्सने पहिल्याच हंगामात, १९५३ मध्ये, हॅलिफॅक्सला हरवून लीगचे विजेतेपद जिंकले. चषकाचे मात्र दुखणे जुने होते. १८९७ मध्ये चॅलेंज चषकाचा पहिलावहिला अंतिम सामना हा क्लब हरला होता. त्यानंतर १९१५, १९३० आणि सलिव्हन यांच्याच काळात १९५३ मध्येही हाती निराशा आली. अखेर १९५६ मध्ये हॅलिफॅक्सला १३-२ असे नमवून सेंट हेलेन्सने पहिल्यांदा चषक उंचावला. त्यासाठी ५९ वर्षे जावी लागली होती.

याच काळात सोळा वर्षांचा ॲलेक्स मर्फी क्लबमध्ये आला आणि सलिव्हन यांच्या हाताखाली घडला. पुढे तो जगातील सर्वोत्तम हाफ-बॅकपैकी एक गणला गेला आणि स्वतःही यशस्वी प्रशिक्षक झाला. १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा युनियनपटू टॉम व्हॅन व्होलेनहोव्हन सेंट हेलेन्सने आणला. त्याच्यासाठीही मायदेशातील युनियनचे दार बंद झाले होते. नव्या खेळात रुजण्याचा अनुभव त्याच्या प्रशिक्षकाने ३६ वर्षांपूर्वीच घेतला होता. १९५९ च्या अंतिम सामन्यात सेंट हेलेन्सने हन्स्लेटचा ४४-२२ असा धुव्वा उडवला. त्यात व्हॅन व्होलेनहोव्हनने तीन ट्राय केले.

त्यानंतर सलिव्हन यांनी सेंट हेलेन्स सोडले आणि काही काळ रॉचडेल हॉर्नेट्सला प्रशिक्षण दिले. मग तब्येतीने साथ दिली नाही. सप्टेंबर १९७७ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

बंद दरवाजा कधी उघडला?

रग्बी लीगने १९८८ मध्ये आपल्या महान खेळाडूंचे सन्मान दालन सुरू केले, तेव्हा पहिल्या नऊ नावांत सलिव्हन होते. युनियनने मात्र हौशीपणाचा आग्रह ऑगस्ट १९९५ मध्ये सोडला. फूट पडल्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. खेळाडूंना पैसे देण्याची मुभा मिळाली आणि लीगमध्ये गेलेल्यांवरील बंदीही संपली. १९९६ मध्ये विगनचा संघ युनियनच्या माहेरघरी, लंडनच्या ट्विकेनहॅम मैदानावर, युनियनच्या नियमांनुसार बाथ क्लबशी खेळला. सलिव्हन यांनी विगनच्या करारावर सही केली त्याला तेव्हा ७५ वर्षे झाली होती.

कार्डिफनेही उशिरा का होईना, उत्तरेला गेलेल्या आपल्या मुलांची आठवण ठेवली. २०२३ मध्ये कार्डिफ बे परिसरात बिली बोस्टन, क्लाइव्ह सलिव्हन आणि गस रिस्मन या तीन लीगपटूंचा एकत्रित पुतळा उभारण्यात आला. यातील क्लाइव्ह सलिव्हन हे वेगळे, नंतरच्या पिढीतले खेळाडू. जिम सलिव्हन त्या पुतळ्यात नाहीत. पण कार्डिफहून उत्तरेला गेलेल्या खेळाडूने तिथे केवळ पैसे कमावले नाहीत, तर नव्या खेळाला आकार दिला, हे दाखवून देणाऱ्यांत त्यांचे नाव सुरुवातीला येते. रग्बीपटूला खेळाचा मोबदला आज उजळ माथ्याने घेता येतो, मग तो विगनमधला असो की अंधेरीतला. सलिव्हन यांना मात्र त्यासाठी सतराव्या वर्षी देशाच्या जर्सीवर पाणी सोडावे लागले होते.